‘नेहमी कसे असतात?’ हे आधी विचारा

मागच्या अंकात सीपीआरवर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्यावर, लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: ताई, तुम्ही सांगता ते धडधाकट माणसाचं, आमच्या घरात तसं कुणीच नाही. तक्रार रास्त आहे. रुग्णवाहिकेवर परिचारिका म्हणून मी नोकरी केली, आता प्रथमोपचार शिकवते. पण धडधाकट, मध्यमवयीन, सगळं नीट सांगू शकणारा रुग्ण कामात क्वचितच वाट्याला आला. तेव्हा या वेळची सगळी जागा उरलेल्यांसाठी.

प्रश्न: ऑफिसात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं, सगळं एका पुतळ्यावर. घरी आई ऐंशीची, बायको गरोदर, मुलगा तीन वर्षांचा. प्रत्येकाची वेगळी पद्धत पाठ करायची का?

पाठ करू नका, ऐन वेळी काही आठवणार नाही. क्रम सगळ्यांसाठी तोच. जागा सुरक्षित आहे का, हाक मारल्यावर माणूस ओ देतो का, श्वास नीट चालू आहे का, रक्त वाहतंय का. बदलतं ते इतकंच, की कुठलं शरीर काय दाखवतं आणि काय लपवतं. गरोदर बाईचं बरंच रक्त गेलं तरी ती बोलत-चालत असते. लहान मूल बराच वेळ तग धरतं आणि मग एकदम कोसळतं. म्हाताऱ्या माणसाला हार्ट अ‍ॅटॅक येतो, पण कित्येकदा छाती दुखतच नाही. नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखं होतं. आणि ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याचं दुखणं त्याच्या वागण्यातूनच ओळखावं लागतं.

म्हणून यंत्र लावायच्या आधी मी एक प्रश्न विचारायचे: हे नेहमी कसे असतात? आणि तो विचारायचा रोज सोबत राहणाऱ्याला, गर्दीत सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याला नाही. वरचं बीपी ११० हा आकडा तुमच्यासाठी छान आहे. ज्या आजोबांचं एरवी १७० असतं, ते पडल्यावर ११० दिसलं तर आत कुठे रक्त जातंय का, ही शंका घ्यायलाच हवी.

प्रश्न: सूनबाईंना आठवा महिना चालू आहे. जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवरून घसरून बसकण मारली. पोटाला काही लागलं नाही, दुखत नाही म्हणते. दोन दिवसांनी तपासणी आहेच, तोवर थांबलं तर चालेल?

नाही. आजच जा, आत्ताच.

कारण असं की गर्भपिशवीची भिंत लवचीक असते, तिला चिकटलेली वार (बाळाला रक्त पुरवणारी, प्लॅसेंटा) तेवढी नसते. धक्का बसला की पिशवीचा आकार क्षणभर बदलतो आणि वार भिंतीपासून सुटू शकते. पोटावर थेट मार लागायलाच हवा असं नाही. सुटलेल्या वारेमागे रक्त आतच साठत राहतं. कपड्याला डाग नाही म्हणून निर्धास्त राहू नका. रुग्णालयात बाळाचे ठोके आणि कळा यंत्रावर किमान चार तास बघतात, ते यासाठीच. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो जाताच सांगा. अँटी-डीचं इंजेक्शन लागत असेल तर ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.

आता ‘ती तर ठणठणीत आहे’ याबद्दल. दिवस भरत येईपर्यंत बाईच्या अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं. त्यामुळे बरंच रक्त जाईपर्यंत बीपी टिकून राहतं. नाडी एरवीही मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी जास्त असते, म्हणून तीही पटकन काही सांगत नाही. शिवाय रक्त कमी पडायला लागलं की शरीर पहिली कपात गर्भपिशवीकडे जाणाऱ्या रक्तात करतं. आई हसून बोलत असते आणि बाळाला रक्त कमी पडायला लागलेलं असतं.

नेताना तिला डाव्या कुशीवर ठेवा. साधारण विसाव्या आठवड्यानंतर बाई उताणी झोपली की गर्भपिशवीचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, चक्कर येते, बीपी पडतं. मानेला किंवा मणक्याला मार असेल आणि पाठीखाली फळी लावावी लागली, तर तिला फळीला नीट बांधून फळीच्या उजव्या कडेखाली चादरीची गुंडाळी सारा, म्हणजे ती फळीसकट १५ ते ३० अंश डावीकडे कलते. बाईला वाकवायचं नाही, फळी कलती करायची. पोट दगडासारखं कडक लागलं, अंगावरून जायला लागलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर स्वतःची गाडी काढत बसू नका, रुग्णवाहिकाच बोलवा.

प्रश्न: गरोदर बाईचा श्वास बंद पडला तर छाती दाबायची की नाही? बाळाला धक्का बसेल ना?

दाबायची, आणि तेवढ्याच जोरात. छातीच्या मध्यावर, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. आईचं हृदय थांबलेलं असताना बाळासाठी करण्यासारखी हीच एक गोष्ट आपल्या हातात असते. इथे मात्र कुशीवर वळवू नका. कलत्या अंगावर छाती नीट दाबली जात नाही. उताणंच ठेवा. गर्भपिशवी बेंबीपर्यंत किंवा त्याच्या वर आली असेल तर दुसऱ्या माणसाने तिच्या डाव्या बाजूला बसून दोन्ही हातांनी पोट आपल्याकडे ओढून धरायचं. खाली दाबायचं नाही, बाजूला सरकवायचं. शॉक देणारं एईडी यंत्र मिळालं तर बिनदिक्कत वापरा.

फोनवर पहिल्याच वाक्यात ‘गरोदर आहे, इतके आठवडे’ हे सांगा. अशा वेळी हृदय लगेच सुरू झालं नाही तर डॉक्टर पाच मिनिटांच्या आत शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढायचा प्रयत्न करतात. त्याने बाळाची आशा वाढते तशी आईचीही, कारण शिरेवरचा भार उतरतो. त्या तयारीला वेळ लागतो.

घशात काही अडकलं असेल तर पोटाऐवजी छातीच्या मधल्या हाडावर मागून विळखा घालून झटके द्या.

प्रश्न: नववा महिना, दोन दिवस डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. घरचे म्हणतात झोप झाली नाही म्हणून.

घरच्यांना सांगा, आधी बीपी मोजा. १४०/९० किंवा त्याहून वर असेल तर आजच दाखवायचं; १६०/११० म्हणजे एक तासही थांबायचं नाही. आणि आकडा बरा आला तरी या दोन तक्रारी असताना दाखवायचंच. बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहरा सुजणं हीही गरोदरपणातल्या वाढत्या बीपीच्या त्याच आजाराची (प्रीएक्लॅम्प्सिया) लक्षणं. पुढची पायरी झटके येण्याची असते. बाळंतपण झालं म्हणजे सुटलो असंही नाही, नंतरचे सहा आठवडे ही भीती राहते. बाळंतिणीला झटका आला तर ‘हिला फिट येतात का?’ विचारत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.

प्रश्न: दीड वर्षाच्या भाचीला तापात आकडी आली. कुणी दातांत चमचा घातला, कुणी हातपाय दाबून धरले. मी बाजूला उभी राहून घड्याळ बघत होते म्हणून सगळे माझ्यावरच चिडले.

त्या खोलीत बरोबर वागणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात आकडी येऊ शकते आणि बहुतेक वेळा ती पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते. चमच्याने दात तुटतो आणि तुटलेला दात श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ गिळली जात नाही; हा समज कुठून आला कोण जाणे, पण जाता जात नाही. मुलाला कुशीवर करायचं, भोवतीच्या टणक वस्तू हटवायच्या, वेळ मोजायची. गार पाण्याच्या टबात बसवायचं नाही. दुसरा माणूस मोकळा असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावं, डॉक्टरांना दहा वर्णनांपेक्षा ते कामाला येतं. पाच मिनिटं उलटली, पुन्हा आली, एकाच बाजूला झटके होते किंवा थांबल्यावरही मूल शुद्धीवर येत नाही, तर रुग्णवाहिका. पहिल्यांदाच आली असेल तर लगेच थांबली तरी त्याच दिवशी दाखवायचं.

मुलांच्या बाबतीत एक सवय लावून घ्या: हात लावायच्या आधी दारातूनच बघा. आपण जवळ गेलो की मूल रडतं आणि मग काही कळेनासं होतं. आईच्या मांडीवर आहे तसं राहू दे. ते आजूबाजूला बघतंय का, की नजर हरवलेली आहे? श्वास घेताना नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते का, प्रत्येक श्वासाबरोबर मान डुलते का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का? रंग फिका, निळसर, चट्टेरी आहे का? हे बघायला अर्धा मिनिटही लागत नाही. बोंबलणाऱ्या मुलापेक्षा गप्प पडलेल्या मुलाकडे मी आधी जायचे.

आणि रक्त. मुलाच्या अंगात किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असतं. दहा किलोचं मूल म्हणजे ८००. त्यातलं एक पेलाभर, २०० मिलिलिटर, फरशीवर सांडलं म्हणजे चौथा हिस्सा गेला. मोठ्या माणसाच्या जखमेच्या अंदाजाने ‘एवढंसं तर आहे’ म्हणू नका.

प्रश्न: आठ महिन्यांच्या बाळाच्या घशात काही अडकलं तर पोट दाबायचं का?

एक वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट कधीच दाबायचं नाही, यकृताला इजा होते. बाळ रडत, खोकत असेल तर हात लावू नका, त्याचा खोकला तुमच्या हातापेक्षा भारी असतो. आवाजच निघत नसेल तर हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा बोटांत धरलेला; दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याच्या टाचेने (तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने) पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. असं आलटून पालटून, वस्तू निघेपर्यंत. तोंडात वस्तू दिसली तरच काढा. आंधळेपणाने बोट फिरवलं की ती आणखी खोल जाते. बाळ निपचित झालं तर सीपीआर.

इथे एक बदल झाला आहे, जुनं शिकलेल्यांनी नोंद घ्यावी. बाळाची छाती दोन बोटांनी दाबायची पद्धत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५च्या मार्गदर्शक सूचनांत काढून टाकली. आता दोन्ही हातांचा विळखा घालून दोन अंगठ्यांनी, नाहीतर एका तळव्याच्या टाचेने. खोली छातीच्या एक तृतीयांश, साधारण चार सेंटिमीटर. आणि मुलांमध्ये श्वास देणं टाळू नका. त्यांचं हृदय बहुतेक वेळा श्वास अडल्यामुळे थांबतं. नुसती छाती दाबून ऑक्सिजन कुठून येणार? श्वास देताना बाळाचं डोकं मागे झुकवू नका, सरळ ठेवा. त्याच्या डोक्याचा मागचा भाग मोठा असतो, मान आपोआप पुढे दुमडते. खांद्यांखाली पातळ घडी घातली की वाट मोकळी होते.

प्रश्न: वडील ७८ वर्षांचे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. बाथरूममध्ये पडले, डोक्याला टेंगूळ आलं. हसतखेळत आहेत, दवाखान्यात यायला तयार नाहीत.

गोळी चालू आहे एवढंच कारण सीटी स्कॅनला पुरे. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, कवटीत जागा होते. त्या जागेत रक्त हळूहळू साठतं आणि बराच वेळ काही जाणवत नाही. आजचा स्कॅन चांगला आला तरी पुढचे काही आठवडे डोकेदुखी, झोपाळूपणा, चालण्यात झोल यांवर लक्ष ठेवा. ऐकत नसतील तर भांडू नका. डॉक्टरांना फोन लावून त्यांच्याच हातात द्या, हा उपाय मी बऱ्याच घरांत चाललेला पाहिला आहे.

दुसरं: ते घसरून पडले, की आधी काही झालं आणि म्हणून पडले? ‘पाय घसरला’ हे उत्तर बहुतेक जण लाजेपोटी देतात. शुगर उतरली, ठोके चुकले, अर्धांगाचा झटका आला, यांतलं काहीही त्याआधी घडलेलं असू शकतं. पडण्याच्या आधीचं त्यांना काय आठवतं ते विचारा. आठवत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. जमिनीवर किती वेळ पडून होते, हेही. तासन्‌तास दाबले गेलेले स्नायू मूत्रपिंडावर ताण आणतात.

उठवायची घाई नको. एक पाय आखूड आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसलं तर खुबा मोडला आहे असं धरून चाला. पाठीला बाक असलेल्यांना सपाट झोपवायचा अट्टहास नको; डोक्याखाली जेवढी जागा रिकामी राहते तेवढी घड्यांनी भरा.

प्रश्न: सासूबाई कालपासून असंबद्ध बोलतात. वय झालं, असं नवरा म्हणतो.

वय एका रात्रीत होत नाही. अचानक आलेला गोंधळ हा आजार समजायचा. चेहरा एका बाजूला ओघळला का, दोन्ही हात वर राहतात का, बोलणं जड झालं का, ते बघा. मधुमेह असेल तर शुगर मोजा. यांतलं काही नसेल तर लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, नवीन सुरू झालेलं औषध, अशी कारणं निघतात. अर्धांगाची शंका असेल तर त्या शेवटच्या नीट कधी होत्या ती वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवणारं औषध त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. सकाळी उठल्यावर लक्षात आलं असेल, तर वेळ झोपायला गेल्यापासूनची धरतात. पण वेळ उलटून गेली म्हणून घरी थांबायचं असं नाही. तुम्ही ‘कालपासून’ लिहिलं आहे, तेव्हा हे उत्तर वाचून होण्याआधीच निघा.

प्रश्न: माझा अकरा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे, बोलत नाही. हात मोडला तेव्हा चार जणांनी धरून स्ट्रेचरवर घातलं. त्याने चावा घेतला, तर ‘आक्रमक’ असं लिहून दिलं. पुढच्या वेळी काय करू?

वाईट वाटलं वाचून, आणि नवल काही वाटलं नाही.

आधी कर्मचाऱ्यांसाठी. एकाच माणसाने बोला, बाकीचे दोन पावलं मागे. सायरन, दिवे, वॉकीटॉकी जमेल तेवढं बंद. ‘आता मी तुझ्या पायाला हात लावतेय’ असं आधी सांगून मग लावा, आणि तपासणी पायाकडून डोक्याकडे करा. एका वेळी एकच छोटी सूचना, आणि ती पोहोचायला वेळ द्या. तो नजरेला नजर देत नाही म्हणजे ऐकत नाही असं नव्हे. बीपीचा पट्टा आधी आईच्या हाताला बांधून दाखवा. त्याच्या हातातली दोरी, चक्र, जे काही असेल ते काढून घेऊ नका. धरावंच लागलं तर कमीत कमी वेळ, आणि पालथं कधीच नाही. वेदनेची प्रतिक्रिया उलटीसुलटी असू शकते. मोडलेल्या हातासह एखादं मूल गुणगुणत बसेल. म्हणून ‘रडत नाही, म्हणजे लागलं नाही’ हा निष्कर्ष इथे बाद.

आता तुमच्यासाठी. एक पानाचा कागद करा. वरती ठळक: बोलत नाही, समजतं. दुखलं की काय करतो (कान दाबतो, डोकं आपटतो, जे असेल ते). कशाने शांत होतो, कशाने बिथरतो. औषधं, अ‍ॅलर्जी, आणि वजन, कारण मुलांच्या औषधाचा डोस किलोवर ठरतो.

प्रश्न: भाऊ मानेखालच्या मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअरवर असतो. मधूनच डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम येतो. आम्ही त्याला आडवं करतो. बरोबर आहे ना?

उलट आहे. आडवं करू नका, बसवा.

छातीच्या सहाव्या मणक्यापर्यंत किंवा त्याच्या वर दुखापत असेल तर खालच्या अंगातल्या एखाद्या त्रासाने बीपी एकाएकी भडकू शकतं. भावाला तो त्रास जाणवत नाही, कारण निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. आडवं केलं की डोक्यातला दाब आणखी वाढतो. त्याला ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टा आणि कपडे सैल करा. मग कारण शोधा. सगळ्यात आधी लघवीची नळी. ती मांडीखाली दबली आहे का, पिळली आहे का, पिशवी काठोकाठ भरली आहे का? अनेकदा नळीची एक गाठ सुटते आणि पाच मिनिटांत माणूस माणसात येतो. तिथे काही नसेल तर तुंबलेला शौच, बुटातला खडा, वाढलेलं नख, चुरगळलेली पँट. अशा दुखापतीत नेहमीचं वरचं बीपी ९० ते ११० असतं. त्यामुळे १५० पाहून ‘फार काही नाही’ असं कुणी म्हणालं तर नेहमीचा आकडा ठणकावून सांगा. कारण सापडलं नाही किंवा बीपी उतरलं नाही, तर रुग्णवाहिका, आणि तीतही बसवूनच.

प्रश्न: मुलीच्या गळ्यात श्वासाची नळी आहे. तिला श्वास द्यायची वेळ आली तर तोंडाने द्यायचा का?

नळीतून. आधी नळी बघा: जागेवर आहे का, कफाने बुजली आहे का. सक्शन करा, म्हणजे यंत्राने कफ ओढून काढा; उघडली नाही तर शिकवल्याप्रमाणे बदला. व्हेंटिलेटर लावलेला असेल आणि कारण कळत नसेल तर यंत्र काढून हाताच्या पिशवीने श्वास द्या, यंत्राशी नंतर बघू. जास्तीची नळी आणि एक आकार लहान नळी, दोन्ही सोबतच्या पिशवीत असू द्या. रुग्णवाहिकेतला माणूस गोंधळलेला दिसला तर तुम्हीच सांगा कसं करायचं. या नळीचा सराव तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त आहे.

प्रश्न: आई-बाबा दोघंही कर्णबधिर आहेत, खुणांनी बोलतात. रुग्णालयात सलाइन लावलं की बोलणंच बंद होतं.

ज्या हाताने जास्त खुणा करतात त्या हाताला सलाइन नको, हे आधीच सांगा आणि कागदावर लिहा. समोर येऊन, प्रकाश आपल्या चेहऱ्यावर पडेल असं उभं राहून बोलावं, मास्क लावणं भाग असेल तर लिहून दाखवावं. आणि चष्मा घरी राहू देऊ नका. खुणा आणि ओठ वाचायचे तर आधी दिसायला हवं.